हुक, बटण आणि शुद्धलेखनाची वही : ऑक्युपेशनल थेरपी शिक्षकांनी का समजून घ्यावी?



मागच्या महिन्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी एका सरांनी मला विचारलं, "तुमच्या वर्गातल्या त्या मुलाला कसली थेरपी चालू आहे म्हणे?" मी म्हटलं, ऑक्युपेशनल थेरपी. सर म्हणाले, "म्हणजे फिजिओच ना?" शेजारच्या बाई म्हणाल्या, "नाही हो, ते अपंग मुलांना धंदा शिकवतात ते." खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी मला विचारलं असतं तर मीही यातलंच एक उत्तर दिलं असतं. डीएडला आम्हाला विशेष गरजा असलेल्या बालकांवर एक प्रकरण होतं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरले. त्या दिवशी चहा गार होईपर्यंत जे बोलले तेच इथे जरा नीट लिहिते आहे. लेख थोडा मोठा झालाय, सांभाळून घ्या.

आधी सोन्याची गोष्ट

मुलाचं खरं नाव देत नाही. आपण त्याला सोन्या म्हणू. दुसरीत माझ्याकडे आला. बोलायला चुणचुणीत, गोष्ट सांगायला लावली की वर्ग गप्प बसून ऐकायचा. पाढे तोंडपाठ. पण वही उघडली की संपलं. फळ्यावरच्या चार ओळी लिहायला त्याला बाकीच्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ लागायचा. अक्षर एवढं दाबून काढायचा की मागच्या तीन पानांवर उमटायचं. आठवड्याला दोन पेन्सिली मोडायच्या. लिहिताना उजव्या हातानं लिहायचा आणि डावा हात डोक्याखाली, म्हणजे अर्धा आडवाच.

मी काय केलं? जे आपण सगळे करतो तेच. "नीट बस." "पेन्सिल अशी धर." "पूर्ण झाल्याशिवाय सुट्टी नाही." दुसरीच्या वर्षात कितीतरी मधल्या सुट्ट्या त्यानं वर्गात बसून घालवल्या, माझ्या सांगण्यावरून. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लपवण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट होती. तो शाळेत पाणी प्यायचा नाही. डब्याबरोबर आणलेली बाटली भरलेलीच परत जायची. उन्हाळ्यात दोनदा चक्कर आली तेव्हा आईला सांगून पाठवलं की पोराला पाणी प्यायची सवय लावा. कारण मात्र कोणी विचारलं नाही. मी पण नाही.

तिसरीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं. हे पथक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, गाडी येते, वजन-उंची होते, आपण याद्या करतो. हा कार्यक्रम २०१३ पासून देशभर चालू आहे आणि त्यात जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब अशा चारही गोष्टी बघायच्या असतात. चौथ्या गोष्टीकडे आपलं लक्ष कमी असतं. त्या दिवशी पथकातल्या डॉक्टर मॅडमना मी सहज म्हणून सोन्याची वही दाखवली. त्यांनी त्याला शर्टाची बटणं लावायला सांगितली. दोन मिनिटं झाली तरी दुसरं बटण होईना. त्यांनी चिठ्ठी लिहिली, जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी.

वडिलांचा प्रश्न

चिठ्ठी वाचून सोन्याचे वडील शाळेत आले. दोन म्हशी आणि दीड एकर, असा संसार. म्हणाले, "बाई, पोरगं तिसरीत आहे. त्याला आत्ताच कसला व्यवसाय शिकवायचा?"

दोष त्यांचा नाही, शब्दाचा आहे. मराठीत 'व्यवसायोपचार' असा शब्द केलाय आणि व्यवसाय म्हटलं की आपल्याला दुकान नाहीतर नोकरी दिसते. इथे ऑक्युपेशन म्हणजे माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सगळी कामं. अंघोळ, जेवण, कपडे, खेळ, शाळा, झोप. लहान मुलाचं ऑक्युपेशन म्हणजे खेळणं, शिकणं आणि स्वतःचं स्वतः आवरणं. ती कामं आजारामुळे, अपघातामुळे किंवा जन्मापासूनच्या अडचणीमुळे जमत नसतील तर ती जमवून देणारं शास्त्र म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. फिजिओथेरपिस्ट मुख्यतः हालचाल, ताकद, वेदना याकडे बघतात. ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, त्या हालचालीचा दिवसभरात उपयोग काय, हे बघतात. दोन्हींची हद्द काही ठिकाणी एकमेकांत मिसळते, पण विचारायचा प्रश्न वेगळा असतो.

आणि हे काही परदेशातून काल-परवा आलेलं फॅड नाही. भारतातली ऑक्युपेशनल थेरपी आपल्या मुंबईत, केईएम रुग्णालयात १९५० साली सुरू झाली. सुरू करणाऱ्या बाईंचं नाव कमला निंबकर. हो, फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेला ज्यांचं नाव आहे त्याच. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या वाचन-लेखनाच्या कामामुळे ती शाळा आपल्यापैकी अनेकांना माहीत असते, काहींनी भेटही दिली असेल. पण शाळेचं नाव ज्यांच्यावरून आहे त्या कोण, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी. भारतात आल्या, कमला झाल्या, नंतर पुन्हा अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि परत येऊन इथे तिचं पहिलं विद्यालय काढलं. १९५२ मध्ये भारतातल्या थेरपिस्टांची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. एवढा जुना वारसा आपल्या राज्यात असून तालुक्याच्या गावी या शब्दाचा अर्थ सांगावा लागतो, हे जरा खटकतंच.

पहिली तपासणी

सोन्या, त्याची आई आणि मी, तिघं एसटीनं जिल्ह्याला गेलो. मी किरकोळ रजा टाकली होती. मला वाटलं मॅडम वही बघतील, पेन्सिल कशी धरायची ते शिकवतील, झालं.

पहिला पाऊण तास त्यांनी पेन्सिलीला हातच लावला नाही. एका पायावर उभं केलं. चेंडू फेकून झेलायला लावला. पोटावर झोपून हात-पाय-मान उचलून किती वेळ राहता येतं ते बघितलं. पाच नाणी एकेक करून उचलून त्याच मुठीत साठवायला सांगितली आणि मग एकेक करून बोटांच्या टोकाशी आणून डब्यात टाकायला. सोन्याची नाणी दर वेळी खाली पडली. मग आईला विचारलं, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तो काय काय स्वतः करतो? आंघोळ कोण घालतं? भात हातानं खातो का चमच्यानं? चप्पल कुठल्या पायात जाते? मला विचारलं, वर्गात जमिनीवर बसतात का बाकावर? पाय जमिनीला टेकतात का?

टेकत नव्हते. आमच्याकडे लोकसहभागातून आलेले बाक मोठ्या वर्गाच्या मापाचे होते. सगळे खूश होते बाक मिळाले म्हणून. कुणाचे पाय लोंबकळतात हे मी पाहिलंच नव्हतं.

शेवटी मॅडमनी सोन्यालाच विचारलं, "तुला काय यायला पाहिजे असं वाटतं?"

मी मनात म्हटलं, आता म्हणेल लिहायला. तो आईकडे बघून हळूच म्हणाला, "पँटचं हुक."

तेव्हा कळलं. गणवेशाच्या हाफ पँटचं हुक आणि त्यावरचं बटण त्याला एकदा काढलं की परत लावता येत नव्हतं. पहिलीत एकदा तसाच वर्गात आला होता, मुलं हसली होती. तेव्हापासून तो शाळेत लघवीला जात नव्हता. म्हणून पाणी पीत नव्हता. दोन वर्षं. आणि मी त्याच्या शुद्धलेखनाच्या मागे लागले होते.

अडचण कुठे होती

मॅडमनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. लिहिणं बोटांनी होतं असं आपल्याला वाटतं. पण बोटं बारीक काम तेव्हाच करतात जेव्हा मनगट स्थिर असतं, मनगट तेव्हा जेव्हा खांदा स्थिर असतो आणि खांदा तेव्हा जेव्हा पाठ-पोट धड सावरलेलं असतं. सोन्याची सगळी शक्ती बाकावर नुसतं बसून राहण्यात जात होती, म्हणून तो डोकं हातावर टेकायचा. त्यातून पेन्सिल हातात किती जोरात धरली आहे, याचा अंदाज त्याच्या हाताला नीट येत नव्हता, म्हणून दाबून लिहायचा.

हालचालींचा मेळ बसण्यातल्या या अडचणीला डीसीडी म्हणतात. पाच ते अकरा वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पाच-सहा मुलांना ती असते असं मानलं जातं. म्हणजे आपल्या तीस-पस्तीसच्या वर्गात एखाद-दुसरं मूल असणारच. त्यांना आपण वेंधळा, धसमुसळा, आळशी म्हणतो. बुद्धीशी याचा संबंध नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यात डीसीडीचं स्वतंत्र नाव नाही, त्यामुळे प्रमाणपत्र सहसा मिळत नाही आणि प्रमाणपत्र नाही म्हणून आपल्या यादीत मूल येत नाही. यादीत नाही म्हणजे अडचण नाही, असा आपला हिशोब असतो.

पेन्सिल पकडण्याबद्दल एक सांगते, कारण आपण सगळे त्यावर फार अडून बसतो. मूल आधी मुठीत खडू धरतं, मग तळहात खाली करून बोटांनी, मग तीन बोटांत पण सगळा हात हलवून आणि साडेचार ते सहा वर्षांच्या सुमारास तीन बोटांत धरून फक्त बोटं हलवून लिहायला लागतं. पण चार बोटांत धरणारी, अंगठा जरा पुढे टाकणारी कितीतरी मुलं छान आणि भरभर लिहितात. हात दुखत नसेल, अक्षर वाचता येत असेल, वेग बरा असेल तर पकड बदलायच्या मागे लागू नका, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. मी त्या दिवशी स्वतःची पेन धरायची पद्धत बघितली. चार बोटं निघाली!

मिळालेला कागद

निघताना मॅडमनी एक कागद दिला. त्यावर तीन ध्येयं होती : पँट स्वतः लावणे, डब्याचं झाकण उघडणे, फळ्यावरच्या पाच ओळी हात न दुखता लिहिणे. क्रम सोन्यानं ठरवलेला. माझं शुद्धलेखन तिसऱ्या नंबरवर.

पँटसाठी त्यांनी दोन रस्ते एकदम धरले. शिंप्याकडून पँटला आतून वेल्क्रो लावून घेतला आणि मूळचं बटण वरून तसंच शिवून टाकलं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, सगळ्यांसारखीच पँट. दुसऱ्या दिवसापासून पोरगं पाणी प्यायला लागलं. आणि त्याच वेळी घरी जुन्या जाड कापडावर मोठी बटणं लावून रोज पाच मिनिटं सराव, हळूहळू बटण लहान करत न्यायचं. मला आधी वाटलं होतं की वेल्क्रो दिला तर तो कशाला शिकेल? मॅडम म्हणाल्या, "चष्मा दिला म्हणून कोणी बघायचं सोडतं का?" साधन म्हणजे हार मानणं, हा गैरसमज आपल्या शिक्षकांतही खूप आहे.

वर्गातल्या साधनांवर मी किती खर्च केला म्हणाल तर शंभर रुपयांच्या आत. बाकाखाली दोन विटा पोत्यात गुंडाळून ठेवल्या, पाय टेकले. ऑफिसातली जुनी जाड बॉक्स फाईल आडवी ठेवली की उतरतं डेस्क तयार होतं, त्यावर वही. फाईल घसरू नये म्हणून खाली स्वयंपाकघरातल्या फडताळात घालतात ती रबरी जाळी. पेन्सिलीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. दाब कमी करायला कार्बन पेपरचा खेळ : कागदाखाली कार्बन, त्याखाली दुसरा कागद, आणि खालच्या कागदावर अक्षर उमटू न देता वर लिहायचं. हा खेळ त्याला इतका आवडला की अख्खा वर्ग खेळायला लागला.

देवनागरीचा एक मुद्दा आमच्या दोघींच्या बोलण्यातून निघाला. इंग्रजी अक्षरांवर बेतलेले सराव-तक्ते इकडे सरसकट वापरतात, पण आपल्या लिपीत शिरोरेषा आहे, वर-खाली मात्रा आहेत, म्हणजे हात उचलून परत योग्य जागी टेकवण्याचं काम जास्त. सोन्या प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ द्यायचा, तीही अक्षर काढण्याआधी. आम्ही ठरवलं की शब्द पूर्ण झाल्यावर एकच रेघ, आणि रोजच्या लिखाणात रेघ राहिली तरी चालेल. मी वहीत शिरोरेषेसाठी लाल पेन वापरणं बंद केलं. दुरेघी वहीच्या वरच्या ओळीवर फेव्हिकॉलची बारीक रेघ ओढून वाळवली की बोटाला आणि पेन्सिलीला ती लागते, अक्षर कुठे थांबवायचं ते कळतं. यातलं कुठलंच साधन दुकानातून आणलेलं नाही.

आणि घरचे व्यायाम? शेंगा फोडणं, मेथी निवडणं, कणीक मळणं, ओला टॉवेल पिळणं, धारेच्या वेळी पाण्याची बादली दोन्ही हातांनी उचलून नेणं. आई म्हणाली, "हे तर आमच्या घरी रोजचंच आहे, पण त्याला सांडतं म्हणून आम्हीच करू देत नव्हतो."

माझी चूक

आता ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला तो भाग.

महिन्याभरात सोन्यात फरक दिसला आणि मला हुरूप आला. माझ्याच वर्गात एक मुलगी आहे, तिचा डावा हात जरा आखडलेला, बोटं मिटलेली असतात. मी सोन्याचा कागद काढला आणि त्यातला मऊ चेंडू दाबायचा व्यायाम तिलाही लावला. रोज पन्नास वेळा. मला वाटलं, ताकद येईल. दोन आठवड्यांनी तिची आजी आली, "बाई, पोरीचा हात रात्री ठणकतोय."

मी मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, पण आवाज बदलला. म्हणाल्या, "बाई, तिची अडचण बोटं मिटण्याची नाही, उघडण्याची आहे. तुम्ही जे तिला येतंय त्याचाच सराव करून घेताय, आणि जे स्नायू आधीच ओढलेले आहेत त्यांनाच आणखी कामाला लावताय. तिला न बघता मीही फोनवर काही सांगणार नाही. घेऊन या."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. तपासणी करणं, अडचण कुठे आहे ते ठरवणं, ध्येय आणि कार्यक्रम आखणं, तो बदलणं आणि थांबवणं, ही कामं थेरपिस्टचीच. ठरलेला कार्यक्रम रोज करून घेणं, काय झालं त्याची नोंद ठेवणं, दुखलं-रडलं-कंटाळलं तर कळवणं, हे आई-वडील आणि शिक्षक करू शकतात. दुसऱ्या मुलाला तोच कार्यक्रम लावणं म्हणजे शेजाऱ्याची औषधाची चिठ्ठी आपल्याला वापरणं. सांधा ओढणं-ताणणं, गिळायला त्रास असलेल्या मुलाला भरवण्याचे प्रयोग, गरम शेक, पट्ट्या आणि स्प्लिंट बांधणं, ब्रशनं अंग घासणं, यूट्यूबवर बघितलं म्हणून यातलं काही करायचं नाही. आणि त्यांनी कागदाच्या कोपऱ्यातली तारीख दाखवली. सहा आठवड्यांनंतरची. "या तारखेनंतर हा कागद जुना. मला परत मूल दिसलं पाहिजे."

यालाच देखरेख म्हणतात हे मला तेव्हा समजलं. अमेरिकेत तर ओटीच्या हाताखाली काम करणाऱ्या असिस्टंटचा वेगळा अभ्यासक्रम आणि वेगळा परवाना आहे. तरीही त्या असिस्टंटनं ओटीच्या देखरेखीखालीच काम करायचं, तपासणीत मदत करायची, पण निष्कर्ष ओटीनं काढायचा आणि जबाबदारीही ओटीचीच. शिकलेल्या, परवाना असलेल्या माणसाला ही मर्यादा, तर माझ्यासारख्या डीएडवालीनं किती सांभाळून राहावं?

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हायला विज्ञान शाखेतून बारावीनंतर पदवी लागते. महाराष्ट्रात हा अभ्यासक्रम बरीच वर्षं साडेचार वर्षांचा राहिला आहे, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिप, म्हणजे वरिष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तो शिकवला जातो. राज्यात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची स्वतंत्र परिषद आहे, तिच्याकडे नोंदणी असावी लागते. केंद्रानं २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यातही हा व्यवसाय आहे. त्या कायद्यात 'हेल्थकेअर प्रोफेशनल' म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचं शिक्षण सांगितलं आहे आणि खालच्या, म्हणजे तंत्रज्ञ-सहायक प्रकारच्या दर्जाला किमान २,००० तास. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र यात कुठेच बसत नाही. एक बारकावा : विशेष शिक्षक आणि वाचा-उपचार तज्ज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. त्यामुळे भिंतीवर कुठलं तरी प्रमाणपत्र टांगलेलं आहे एवढं पुरत नाही, ते कशाचं आहे ते वाचायचं.

चारशे रुपयांचा झोका

हे कायद्याचं सगळं सांगायचं कारण म्हणजे सोन्याच्या वडिलांचा चुलतभाऊ. त्यांची मुलगी पाच वर्षांची, बोलत कमी, आवाज झाला की कान झाकते. सोन्याचं बघून त्यांनी तालुक्याच्या गावी एक 'थेरपी सेंटर' शोधलं. रंगीत भिंती, झोके, चेंडूंचा हौद. एका वेळेचे ४०० रुपये, आठवड्यातून दोनदा. सात महिने. हिशोब केला तर बावीस हजारांच्या वर गेले. दूध घालणाऱ्या माणसाचे बावीस हजार.

त्यांनी मला केंद्राची फाईल दाखवली. त्यात पावत्या होत्या आणि मुलीचे झोक्यावरचे फोटो. तपासणीचा अहवाल नाही. एकही ध्येय लिहिलेलं नाही. मी त्यांच्याबरोबर गेले आणि तिथल्या मुलीला विचारलं, ताई, तुमचं शिक्षण काय? तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, बारावी आणि इथलंच तीन महिन्यांचं ट्रेनिंग. ओटी मॅडम कोण? "त्या पुण्याहून महिन्यातून एकदा येतात." पालकांनी त्यांना सात महिन्यांत एकदाही पाहिलेलं नव्हतं. नोंदणी क्रमांक विचारला तर मालक म्हणाले, ऑफिसात आहे, पाठवतो. अजून आलेला नाही. मला राग त्या मुलीचा नाही आला, ती बिचारी सहा हजारांवर दिवसभर मुलांना सांभाळते. राग आला तो कागदावरच्या देखरेखीचा.

झोका वाईट आहे असं मी म्हणत नाही. आवाज, स्पर्श, तोल यांच्या संवेदना एकत्र सांभाळणं काही मुलांना जड जातं, हा विचार जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टनं मांडला, त्यांचं मुख्य पुस्तक १९७२ चं. झोका, बॉल ही साधनं तिथून आली. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१२ मध्ये सांगितलं की या पद्धतीचा पुरावा अजून मर्यादित आहे. उपचारांचा एक भाग म्हणून ती वापरता येईल, पण पालकांना हे स्पष्ट सांगावं आणि रोजच्या जगण्यात फरक पडतो का ते ठराविक काळानं तपासावं. वजनाची जॅकेटं, महागडे ब्रश यांच्याबद्दल तर मी आणखी सावध राहीन. 'झोक्यावर आता वीस मिनिटं बसते' ही प्रगती नाही. 'लग्नात जेवणाच्या पंगतीत दहा मिनिटं बसली' ही प्रगती. त्या मुलीलाही आता जिल्ह्याच्या केंद्रात दाखवलं आहे, तिथे कानांची तपासणीही झाली. ती आधी कोणी सुचवलीच नव्हती.

पालकांनो, कुठल्याही केंद्रात गेलात तर न लाजता एवढं विचारा : तपासणी कोणी केली आणि त्यांचा राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? माझ्या मुलासोबत रोज कोण बसणार आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, कितीदा? तीन महिन्यांत काय जमायला हवं ते लिहून द्याल का? मी आत बसून बघू शकतो का? शेवटच्या प्रश्नाला सरळ 'नाही' आलं तर मी तरी मुलाला घेऊन बाहेर पडेन.

आणि शिक्षकांनो, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातली सेवा मोफत असते, पण जाण्याआधी फोन करा. काही ठिकाणी ओटीऐवजी फिजिओथेरपिस्ट असतात, काही ठिकाणी पद रिकामं असतं. आमच्या इथून जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, एका माणसाचा रोज बुडतो. म्हणूनच सहा आठवड्यांतून एकदा तिकडे आणि रोजचं थोडं-थोडं घरी-शाळेत, ही पद्धत आम्हाला परवडली. मध्ये गरज लागली तर तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलावते. त्यांनाही कागदाची एक प्रत दिली आहे. जाताना मुलाच्या जून ते डिसेंबरच्या वह्या, एका मिनिटात किती अक्षरं लिहितो त्याची नोंद आणि तो काय टाळतो त्याची यादी घेऊन जा. या यादीचा मॅडमना वहीपेक्षा जास्त उपयोग झाला.

सध्या कुठे आहोत

सोन्या आता चौथीत आहे. मिनिटाला सात अक्षरं लिहायचा, आता अकरा-बारा लिहितो. वर्गातली बाकीची मुलं अठरा ते पंचवीसच्या मध्ये आहेत, म्हणजे अंतर आहेच. चाचणीत मी त्याला निम्मी उत्तरं तोंडी देऊ देते. कागद फारसा मागे उमटत नाही. वेल्क्रोची पँट दिवाळीत लहान झाली. नवीन पँट घेताना तो स्वतःच शिंप्याला म्हणाला, "बटण लावा, चालतंय." घाईत असला की अजून हुक चुकतं, मग बाहेर उभा राहून मला हळूच खूण करतो.

मधल्या सुट्टीत मी आता कोणालाच आत बसवत नाही.

मागच्या भेटीत मॅडमनी परत विचारलं, आता काय यायला पाहिजे? तो म्हणाला, "रेडकाचं दावं बांधायला. मी बांधलं की सुटतं आणि ते सगळं दूध पिऊन जातं." मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर पहिल्या नंबरला लिहिलं, 'दावं बांधणे', आणि आईला म्हणाल्या, "पुढच्या वेळी येताना दाव्याचा एक हातभर तुकडा घेऊन या. किती जाड आहे ते बघू."